अंगणातल्या सागवानी बाकाला आणि झोपाळ्याला कोणते स्क्रू-बोल्ट घालावेत?

सांगलीहून एका ताईंनी विचारलंय. घर कृष्णेपासून फार लांब नाही, 2019 च्या महापुरात पाणी पडवीपर्यंत आलं होतं. अंगणात सागवानी दोन बाक आणि एक झोपाळा करून घ्यायचाय. सुतारानं पिवळ्या स्क्रूची पाकिटं आणून ठेवलीत. दुकानदार म्हणतो, बाहेर उन्हापावसात ठेवणार असाल तर 316 चंच स्टेनलेस घ्या. भाऊ म्हणतो, आजोबांच्या झोपाळ्याला पितळी कड्या होत्या, पितळच घे. आणि घरातल्या जुन्या बाकावर प्रत्येक स्क्रूखाली काळे ओघळ आलेत, ते जातील का, हेही त्यांना हवंय.

ताई, मी साताऱ्यात सत्तावीस वर्षं लाकूडकाम करतोय, त्यातलं निम्मं उघड्यावर राहणारं. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पिवळे स्क्रू परत करा. 316 ला पैसे घालू नका. खात्रीचं 304 घ्या, तीही स्टेनलेसचीच एक जात, आणि स्क्रू, बोल्ट, नट, वॉशर, बिजागरी सगळं त्याच धातूचं घ्या. पितळ फक्त झोपाळ्यात आणि तेही एका ठरावीक जागी. आणि 316 चे जे पैसे वाचतील ते मोठे वॉशर, चांगल्या कड्या आणि सुताराच्या जास्तीच्या दिवसाच्या मजुरीवर घाला, कारण भोकं नीट पाडायला वेळ लागतो.

आता त्या काळ्या ओघळांपासून सुरुवात करू, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. लोकांना वाटतं तो गंज आहे. गंज तांबूस असतो. हे ओघळ निळसर काळे आहेत, शाईसारखे, आणि ती खरोखर शाईच आहे. लाकडात टॅनिन असतं, ज्यानं चामडं कमावतात ते. ओल्या लाकडात लोखंड बसलं की लोखंड विरघळतं, टॅनिनला मिळतं आणि काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस उकळून पोथ्या लिहायची शाई करायचे. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड, तोच हा प्रकार. विश्वास बसत नसेल तर सुताराच्या रंध्याखालचा मूठभर भुसा वाटीत भिजवा, त्यात एक लोखंडी चूक, म्हणजे बारीक खिळा, टाका आणि सकाळी बघा. सागवानाचा भुसा चुकेभोवती करडा-काळा झालेला असेल. बाभळीचा घेतला तर आणखी गडद, कारण बाभळीच्या सालीनं आपल्याकडं चामडी कमावतच आले आहेत. ऐन, जांभूळ, खैर हीही त्याच जातीची लाकडं. वाईतल्या जुन्या वाड्यांची दारं कधी जवळून बघा, लोखंडी खिळ्याभोवतीचं लाकूड काळंशार पडलेलं दिसेल. ती दारं टिकली, कारण खिळे बोटाएवढे जाड होते आणि वर छप्पर होतं. आपल्या स्क्रूचा गाभा तीन-साडेतीन मिलिमीटरचा. त्याच्याकडं झिजायला एवढं लोखंडच नसतं.

म्हणजे बाहेरच्या फर्निचरमध्ये लोखंडावर दोन बाजूंनी हल्ला होतो. वरून पाऊस आणि आतून लाकूड. लाकूड स्वतःच थोडं आम्लधर्मी असतं आणि भोकात एकदा पाणी शिरलं की आठवडा-आठवडा सुकत नाही. म्हणून स्क्रूचं डोकं वरून चकचकीत दिसतं आणि आत मान अर्धी झालेली असते. बाक हलायला लागला की मग कळतं.

पिवळे स्क्रू म्हणजे साध्या लोखंडावर जस्ताचं पातळ प्लेटिंग, त्यावर पासिवेशनची, म्हणजे जस्त लवकर खराब होऊ नये म्हणून दिलेल्या रसायनाची, पिवळी झाक. जस्ताचा थर असतो पाच ते बारा मायक्रॉन. भांड्याच्या कल्हईसारखा समजा, घासला की गेला. सागवानात स्क्रू पिळताना आट्यांच्या कडेवरचं जस्त तिथंच खरवडतं, म्हणजे पाऊस पडायच्या आधीच लोखंड उघडं. घरातल्या कपाटाला ते उत्तम आहेत, मीही वापरतो. सुतारदादांचा यात दोष नाही, त्यांचं बहुतेक काम छपराखालचं असतं. मात्र त्यांच्या पेटीत जिप्सम बोर्डाला मारायचे काळे स्क्रू असतील तर ते अजिबात बाकाला लागू देऊ नका. ते भराभर बसतात म्हणून सगळ्यांना आवडतात. पण ते कडक आणि ठिसूळ, वरचा काळा थर पाण्याला काहीच अडवत नाही. पहिल्या पावसाळ्यात गंजतात आणि लाकूड फुगलं की मानेत तुटतात. तुटलेला तुकडा सागवानातून काढणं म्हणजे पटाशीनं जखम करणं.

गरम जस्तात बुडवून काढलेलं लोखंड, ज्याला बाजारात हॉट डिप म्हणतात, ही निराळी गोष्ट. त्याचा थर चाळीस-पन्नास मायक्रॉनच्या पुढं, जाड पट्ट्यांवर सत्तर-ऐंशीपर्यंत जातो. दिसायला राखाडी, खरबरीत. पर्गोल्याचे म्हणजे बागेतल्या उघड्या मांडवाचे खांब, खांबाखालचे जमिनीतले बूट, मोठे अँगल यांना मी तेच वापरतो, कारण एवढं जाड काम स्टेनलेसमध्ये परवडत नाही. नट मात्र त्याच्याबरोबरचाच घ्यायचा. जस्ताचा थर जाड म्हणून त्या नटाचे आटे मुद्दाम मोठे कापलेले असतात, साधा नट त्यावर चढत नाही. पण हाताला लागणाऱ्या, डोळ्यांसमोर असलेल्या बाकाला हॉट डिप शोभत नाही आणि सागवान जस्तालाही हळूहळू खातंच. तिथं स्टेनलेस.

आता 304 की 316. 304 मध्ये अठरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. 316 मध्ये त्याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम. हे मॉलिब्डेनम एकाच शत्रूसाठी असतं, तो म्हणजे क्लोराइड, मीठ. दापोली-गुहागरला समुद्रासमोर बाक ठेवायचा असेल किंवा पोहण्याच्या तलावाच्या कडेला, तर मी स्वतः 316 मागवतो. सांगलीत समुद्राची हवा नाही. पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तिथल्या बंगल्यांच्या बागांतही मी 304 च घालतो आणि ते टिकतं, कारण पावसाचं पाणी गोडं आहे, ते मीठ धुऊन नेतं. पाऊस जास्त म्हणून 316, हा समज चुकीचा आहे.

दुकानदारानं 316 सांगितलं म्हणून काही बिघडत नाही. खरी अडचण उलट बाजूला आहे. 304 म्हणून जे हातात मिळतं ते बरेचदा 202, म्हणजे हलक्या जातीचं स्टेनलेस असतं. त्यात निकेल चार ते सहा टक्के, बाकी मँगनीजनं भागवलेलं. त्याहूनही हलक्या जाती आहेत. नवीन असताना तुम्हाला-मला डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. दोन पावसाळ्यांनी त्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग धरतात. लोक चुंबक लावून बघतात, पण इथं चुंबक फसवतो. 202 लाही चुंबक लागत नाही. आणि खऱ्या 304 च्या स्क्रूला थोडासा लागतो, कारण आटे थंड दाबून काढले की धातूचा स्वभाव किंचित बदलतो. चुंबक जोरात, लोखंडाला लागतो तसा चिकटला तर ते 410 जातीचं स्टेनलेस असायची शक्यता, स्वतः भोक पाडत जाणारे स्क्रू त्याचे असतात. ते बाहेरच्या लाकडाला नकोत.

मग ओळखायचं कसं? बोल्टचं डोकं बघा. 304 च्या चांगल्या बोल्टवर इंग्रजीत ए2-70 असं उमटवलेलं असतं, 316 वर ए4. सत्तर म्हणजे 700 मेगापास्कल ताकद. शेजारी बनवणाऱ्याची खूणही हवी. स्क्रूवर एवढी जागा नसते, तिथं बंद पाकीट आणि त्यावर ग्रेड छापलेला बघून घ्यायचं, सुटे तोलून घ्यायचे नाहीत. बिलावर 304 लिहून मागा. लिहून द्यायला कुणी कां-कूं केली की मी पाकीट तिथंच ठेवतो. मोठी खरेदी असेल तर तपासायचं रसायन मिळतं. एक थेंब टाकायचा, नऊ व्होल्टच्या बॅटरीचा करंट द्यायचा, मँगनीज जास्त असेल तर थेंब लाल होतो. भंगारवाल्यांकडं ही बाटली असतेच.

बिजागरीत आणखी एक खोच आहे. पानं स्टेनलेसची आणि मधली पिन साध्या लोखंडाची, असा माल सर्रास येतो. तिथं चुंबक कामाला येतो. पिनेला लावून बघा.

सगळं एकाच धातूचं घ्या म्हणालो, त्यामागं माझी स्वतःची चूक आहे. सुरुवातीच्या काळात पाचगणीच्या एका बंगल्याला बागेतली पेटी-बाकं करून दिली होती, वर उघडणारं झाकण, आत गाद्या ठेवायला. बिजागऱ्या मी भारी स्टेनलेसच्या घातल्या आणि त्यांना स्क्रू मात्र हाताशी होते ते प्लेटिंगचे मारले. दुसरा पावसाळा संपता संपता मालकीणबाईंचा फोन आला, झाकण हातात आलं म्हणून. जाऊन बघितलं तर बिजागरी नव्यासारखी आणि स्क्रूंच्या जागी तांबडी भुकटी. दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि त्यातला हलका धातू स्वतः झिजतो. मोठ्या स्टेनलेसला टेकलेला छोटा लोखंडी स्क्रू म्हणजे सगळी झीज त्या एवढ्याशा तुकड्यावर. उलटं असतं, म्हणजे मोठ्या लोखंडी किंवा बिडाच्या पायाला छोटा स्टेनलेस बोल्ट, तर झीज मोठ्या अंगावर पसरते आणि फारसं बिघडत नाही. म्हणून बिडाच्या पायांच्या बागेतल्या बाकांना मी बिनघोर स्टेनलेस बोल्ट घालतो, मध्ये एक नायलॉनचा वॉशर देतो. अॅल्युमिनियमच्या चौकटीला पितळी स्क्रू मात्र कधीच नाही.

झोपाळ्याकडं मी जास्त बारकाईनं बघतो, कारण बाक मोडला तर माणूस बसल्या जागी खाली येतो, झोपाळा तुटला तर पोरं उडून पडतात. तीन मोठी माणसं बसली तर सव्वादोनशे किलो धरा. झोका खालून जाताना वजन दीडपट होतं, त्यात मुलं उड्या मारणार. मी पाचशे किलो धरून चालतो, दोन कड्यांत वाटून अडीचशे-अडीचशे. आणि प्रत्येक कडी पाचशे किलोची घेतो, जिच्यावर किंवा जिच्या पाकिटावर सुरक्षित भार छापलेला आहे अशी. कडी बंद हवी, ठोकून घडवलेली किंवा पूर्ण वेल्ड केलेली. सळई वाकवून केलेला उघडा आकडा झोपाळ्याला लावू नका, तो हळूहळू सरळ होतो. आणि कडी तुळईत खालून स्क्रूसारखी पिळायची नाही. तुळईला आरपार भोक, कडीचा दांडा वर काढायचा, वर रुपयाच्या नाण्याहून मोठा जाड वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा. लाकडाचे आटे पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून सैल होतात आणि कडी सुटून येते, आरपार बोल्ट सुटून येत नाही. दांडा 12 मिलिमीटरचा, म्हणजे सुतारांच्या भाषेत चार सुतीच्या जवळपास.

भावाचं पितळ इथं उपयोगी पडतं. स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की कुरकुरतं आणि एकमेकाला ओरबाडतं. कडी आणि साखळीच्या मधला बुश, म्हणजे घासणाऱ्या जागी बसणारी छोटी नळी, पितळेचा किंवा काशाचा घ्या. आवाज बंद होतो, झिजायचं ते बुश झिजतं आणि ते बदलता येतं. आजोबांच्या पितळी कड्या भरीव ओतीव असतील आणि झोपाळा माजघरात असेल, म्हणून टिकल्या. हल्लीच्या हत्ती-मोरांच्या साखळ्यांतले कितीतरी नग आतून पोकळ असतात. शिवाय विचारतो, अंगणाला लागून गोठा आहे का? असेल तर भार पेलायला पितळ नकोच. गोमूत्रातून, शेणातून अमोनिया सुटतो आणि ताणाखालचं पितळ अमोनियानं तडकतं. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप चिरायची. त्यामागं अमोनिया आहे हे 1921 मध्ये दाखवून दिलं गेलं. वरून धातू ठीक दिसतो आणि चीर आत असते. साखळीच्या कड्या दरवर्षी पावसाआधी बघा, जिथं कडीवर कडी टेकते तिथं दहावा हिस्सा झिजला असेल तर साखळी बदला.

बाकाला काय लागेल ते सांगतो. पाय आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्याला 8 मिलिमीटरचे आरपार बोल्ट. बसायच्या फळ्यांना 5 बाय 50 चे स्क्रू, जमलं तर खालून, म्हणजे डोक्याच्या खळग्यात पाणी साचणार नाही. वरूनच मारायचे असतील तर डोकं सहा-आठ मिलिमीटर खाली घेऊन वर सागवानाचंच बुच बसवा. फळ्यांमध्ये सात-आठ मिलिमीटरची फट ठेवा. भोकांवर माझा फार जीव आहे. फळीत साडेपाच-सहाचं भोक, म्हणजे स्क्रू त्यात मोकळा राहील, आणि खालच्या पट्टीत साडेतीनचं, ज्यात आटे धरतील. सहा इंची सागवानी फळी उन्हाळा ते पावसाळा एक-दोन मिलिमीटर रुंदीला हलते. भोक मोकळं असेल तर ती हलून परत जागेवर येते, नसेल तर एकतर फळी चिरते नाहीतर स्क्रू. भोकात आधी अळशीच्या तेलाचा बोळा फिरवा आणि आट्यांना मेण लावा. बरेच सुतार साबण लावतात. साबण ओल धरतो, मेण धरत नाही.

स्टेनलेसचे स्क्रू कडक केलेल्या पोलादी स्क्रूंपेक्षा मऊ असतात, म्हणून ड्रिल मशीनला बिट लावून सुसाट पिळू नका, शेवटचे दोन आटे हातानं. स्टेनलेसचा नट स्टेनलेस बोल्टवर जोरात फिरवला तर तापून तिथंच चिकटतो, ना पुढं ना मागं, मग बोल्ट कापण्यावाचून इलाज नाही. नायलॉक नटाला हे जास्त होतं. थोडं ग्रीस किंवा मेण आणि हळू हात, एवढंच लागतं. आणि मे महिन्यात लाकूड आकसून बोल्ट सैल वाटतो, तेव्हा पान्हा घेऊन करकचून आवळू नका. तोच बोल्ट जुलैत लाकूड फुगलं की वॉशरसकट आत रुततो आणि तिथं पाण्याची वाटी तयार होते. खुळखुळ थांबेल इतकंच आवळा.

पुराचं म्हणाल तर त्या वर्षी सांगलीतून आलेलं बरंच सामान मी उघडलं. ज्या बाकांना लोखंडी स्क्रू होते ते सोडवता आले नाहीत, फळ्या कापाव्या लागल्या. ज्यांना स्टेनलेस बोल्ट होते ते पान्ह्यानं उघडले, फळ्या धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि पुन्हा जोडल्या. तुमचा बाक बोल्टचाच करून घ्या, पाणी यायचा इशारा आला की पान्हा घेऊन उघडून गच्चीवर नेता येईल असा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. अंगणात फरशी नवीन बसली की मिस्त्री ती अॅसिड मारून धुतात. ते मिठाचं आम्ल असतं, त्याची वाफ क्लोराइडनं भरलेली. सांगलीत बसून समुद्राकाठचं सगळं नुकसान एका दुपारी होतं. खऱ्या 304 वरही आठवड्यात तांबूस ठिपके येतात आणि लोक म्हणतात फसवणूक झाली. फरशी धुवायची असेल तेव्हा बाक आणि झोपाळ्याची साखळी लांब ठेवा, आणि नंतर भरपूर पाण्यानं अंगण धुवा. तसंच शेजारी ग्रील वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चालू असेल तर ठिणग्या उडून बसतात आणि त्या गंजतात. स्टेनलेसला लोखंडी तारेचा ब्रश लावू नका, तो स्वतःचं लोखंड त्यावर सोडून जातो. हिरवी नायलॉनची घासणी पुरते.

आता जुन्या बाकाचे काळे ओघळ. आधी जुने स्क्रू काढून 304 चे घाला, नाहीतर साफ केलेलं पुढच्या पावसात परत येईल. मग ऑक्झॅलिक अॅसिड आणा, भुकटी मिळते. प्लॅस्टिकच्या मगात अर्धा लिटर कोमट पाणी, त्यात दोन मोठे चमचे, ढवळून विरघळवा. ते विषारी आहे. हातमोजे, चष्मा, मुलं आणि जनावरं लांब, आणि तो मग परत वापरात नको. पूर्ण फळीला सारखं लावा, फक्त डागाला लावलंत तर तिथं फिकट चट्टा पडतो. दहा-पंधरा मिनिटांत काळा रंग डोळ्यांदेखत विरतो. हट्टी डागाला पुन्हा एकदा. मग चांगल्या पाण्यानं दोनदा धुवा, थोडा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं एकदा, परत साध्या पाण्यानं. दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या, बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि मगच तेल द्या.